मुकीचं माप

प्रिय नटवे,

आधी मला हे सांग, की ही गोष्ट मला ढगळ्याच्या तोंडून ऐकायची वेळ तू का आणलीस? तुला स्वतःला तोंड नव्हतं? चांगलं मोठं होतं की! सेटच्या या टोकाला बोललीस की त्या टोकाचे लाईटवाले दचकायचे. आणि आता मधे माणूस घालतेस? "कपडे ती करणार असेल तर मला हा सिनेमा नको. दुसरं कोणी बघा, मग विचार करते." ती! इतक्या वर्षांनी मी 'ती' झाले? माझ्यासमोर बसून हे सांगताना तो बिचारा आपल्या पँटचा गुडघा इतका चोळत होता, की म्हटलं आता भोक पडणार आणि रफू मलाच करावं लागणार. आपल्या मालिकेत सहायक होता तेव्हा याच्या पँटी कमरेवर टिकायच्या नाहीत म्हणून तूच त्याला ढगळ्या म्हणायला लागलीस. आज डायरेक्टर झालाय, पहिला स्वतःचा सिनेमा करतोय, पँट तशीच आहे. म्हणाला, "टाचणीताई, तुमच्यात काय झालंय?" मी म्हटलं, मला विचारतोस? मला तरी कुणी सांगितलंय!

पत्र बघून हसू आलं असेल तर हस. अक्षर बघून आणखी हस. माझी शाळा चौथीत सुटली आणि त्यानंतर कापडावर खडूने आकडे टाकण्यापलीकडे मी फार काही लिहिलेलं नाही. पण तुझा फोन तुझी भाची उचलते आणि गोड आवाजात सांगते, "मावशी विश्रांती घेतेय." केव्हाही करा, मावशी विश्रांतीच घेतेय. तुझ्या दाराशी मी दोनदा येऊन गेले. वॉचमन म्हणाला, मॅडम बाहेरगावी आहेत. बाहेरगावी! आणि वर गच्चीत दोरीवर तुझा निळा गाऊन वाळत होता. मी शिवलेला. एकच खिसा, तोही डावीकडे, कारण तू डावरी. म्हणजे बाई बाहेरगावी गेली आणि गाऊन स्वतःच स्वतःला धुऊन वाळत पडला, असंच ना?  वॉचमनच्या गणवेशाची एक गुंडी लोंबत होती, ती तेवढी लावून दिली आणि परत आले. हातात सुई असली की माझा राग जरा कमी होतो. आत्ता हातात पेन आहे, त्यामुळे तो वाढतोच आहे.

तुला आठवतं का, आपण कशा भेटलो ते? तू हिरॉईनच्या मैत्रिणींपैकी मागच्या रांगेतली, जिला फक्त "हो ना!" म्हणायचं असतं. मी शिंप्याच्या दुकानातून गुंड्या लावायला पाठवलेली बाई. तोंडात टाचण्या धरून काम करायची म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला टाचणी करून टाकलं. तुझ्या त्या हिरव्या फ्रॉकची चेन शॉटच्या आधी फाटली. दुसरा फ्रॉक नाही, वेळ नाही, डायरेक्टर बोंबलतोय. मी तुला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि फ्रॉक तुझ्या अंगावरच शिवून टाकला, मानेपासून कमरेपर्यंत. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला, आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "अगं बाई, मला जायचंय." मी म्हटलं, कुठे? तू म्हणालीस, "कुठे काय! तिकडे!" आता उसवायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, दाबून धर आणि उभी राहा. आणि तू उभी राहिलीस. कॅमेरा नेमका तुझ्यावर आला. तुझ्या चेहऱ्यावर अशी काही तळमळ दिसली, की डायरेक्टर खुर्चीतून उठला. "ही मुलगी कोण? काय काम करते!" तिथून तुझं नशीब फिरलं. लोक तुला मुलाखतीत विचारायचे, ती वेदना तुम्ही कुठून आणलीत? आणि तू मान खाली घालून म्हणायचीस, "आतून." ती वेदना कसली होती हे जगात फक्त दोघींना माहीत आहे. मी कधी कुणाला सांगितलं? आमच्या ह्यांनासुद्धा नाही. तेव्हा 'टाचणीच्या तोंडाला कुलूप नाही' असं तू मनात म्हणत असशील, तर जरा आठव.

पुढच्या कामाला तूच हट्ट धरलास, कपड्यांना मला हीच हवी. तू म्हणालीस आणि मी लागले. शिकवलं कुणी नाही. कोरा शर्ट भिंतीवर घासून, चहाच्या पाण्यात उकळून दहा वर्षं वापरल्यासारखा करायचा. गरीब माणसाच्या कोटाला कोपरावर ठिगळ द्यायचं, पण आधी त्याच्या बायकोला शिवण येत होती का हे विचारायचं, कारण त्यावर टाके अवलंबून. रक्ताच्या सीनसाठी एकाच शर्टाचे चार शर्ट करायचे आणि चारही सारखेच मळवायचे. हे सगळं चुका करत, शिव्या खात आलं. पहिल्यांदा पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा त्याच्याआधी 'वेशभूषा' लिहिलं होतं. मला तो शब्द नीट लागेना. तू थेटरात माझ्या शेजारी बसून एकेक अक्षर वाचून दाखवलंस, आणि मागचा माणूस "शूऽऽ" म्हणाला तर त्याला म्हणालीस, "तुम्ही गप्प बसा, हिचं बारसं चाललंय."

आणि मुकी. मुकीला विसरलीस का? तुला ट्रायलला यायला कधी वेळ नसायचा, म्हणून मी तुझ्या मापाचं कापडी धड केलं, आत कापूस भरून. मी मापं फितीने घेत नाही हे तुला माहीत आहे. फीत खोटं बोलते, माणूस श्वास रोखतं. मी डोळे मिटून हाताने अंदाज घेते, मग फितीने नुसतं विचारते, बरोबर ना? प्रत्येक नव्या कामाआधी तू यायचीस, मी हात फिरवायची आणि त्याप्रमाणे त्या धडाला कुठे कापूस चढवायची, कुठे काढायची. तू तिला मुकी नाव ठेवलंस. म्हणायचीस, "तुझ्यापेक्षा हीच बरी, टोचत नाही आणि बोलत नाही." तिच्या गळ्यात पर्स अडकवायचीस. जाताना तिच्या पोटात बोट खुपसून म्हणायचीस, "कमी खा जरा." ती अजून माझ्या खोलीत खिडकीशी उभी आहे. आत्ता लिहितानाही माझ्याकडे बघते. डोकं नाही तरी बघते.

उठले होते. दूध उतू गेलं. मग गॅस पुसला, मग खिडकी पुसली, जी पुसायची काही गरज नव्हती. परत बसले. काल मी एकच काज तीनदा उसवलं. आमचे हे म्हणाले, "तुला काही होतंय का?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय!

आता एक गोष्ट लिहिते, जी आपण दोघी कधी बोललो नाही. लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. ती आपली मोठी मालिका, जिच्यात तू मोठ्या घरची सून होतीस. एका महिन्यात तू म्हणालीस, "कंबर जरा सैल ठेव." मी ठेवली. पुढच्या महिन्यात पुन्हा. मी काही विचारलं नाही. शिवणीत मी नेहमीच माया जास्त सोडते, ती हळूहळू मोकळी करत गेले. तुला पुढून घेर दिला, हातात फाइल दिली, शाल दिली, आणि कॅमेऱ्याला काही कळलं नाही. मेकअपवालीला कळलं नाही. मुकीला मात्र मी कापूस चढवत होते. तिचं पोट गोल होत चाललं होतं आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. एकदा उरलेल्या पिवळ्या कापडातून मी एक इवलंसं झबलंही बेतलं होतं, शिवलं नाही, नुसतं बेतलं. मग एका सकाळी तू सेटवर आलीस, डोळ्यांचा मेकअप घरूनच करून आलेली, आणि म्हणालीस, "ढगळ होतंय गं. आत घे." मी सगळे कपडे आत घेतले. दुपारच्या आत घेतले. संध्याकाळी घरी येऊन मुकीचा कापूस काढला.  तुझ्या त्या दिवसाच्या झग्याला मी आतून मऊ अस्तर लावलं होतं, जे त्या झग्याला लागत नव्हतं. तुझ्या लक्षात आलं होतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेलीस. एवढंच.

म्हणून मला जास्त लागलं, जेव्हा तू नवी मालिका धरलीस आणि कपडे दुसरीला दिलेस. फोन नाही, निरोप नाही. त्याआधी वर्षभर कुठे गायब होतीस ते कुणाला माहीत नाही, आणि परत आलीस ती केस बारीक कापून. मासिकवाल्यांनी लिहिलं, काय धाडसी फॅशन! मी म्हटलं, गेली खड्ड्यात. मला कळलं ते कापडवाल्याकडून, की तुमच्या बाईंचे कपडे आता एक नवी पोरगी करते, मोठ्या कॉलेजात शिकून आलेली. मी दुकानात चारचौघांत म्हणाले, "कपडे कसले, पोती घातली आहेत पोती!" मग रोज संध्याकाळी मुद्दाम ती मालिका लावून बसायची, तुझ्या कपड्यांत खोट काढायला. आमचे हे शेजारी बसून शेंगा फोडायचे. त्यांना गोष्ट कळायची नाही, पण माझी बडबड ऐकायला बसायचे.

एका एपिसोडमध्ये तू दिराला चपराक मारलीस. तुझी चपराक म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. तुझी डाव्या हाताची चपराक खायच्या आधी तो जाड्या खलनायक गालात कापसाचा बोळा धरायचा. आणि इथे तू मारलीस उजव्या हाताने. आमचे हे म्हणाले, "ही चपराक होती, की त्याच्या गालावरचा डास हाकलला?" मी पोटभर हसले. हसता हसता थांबले. उजव्या हाताने का?

मग मी खोट काढायचं सोडून नुसतं बघायला लागले. तू कप उजव्या हाताने देतेस. दार उजव्या हाताने उघडतेस, वेडंवाकडं, जशी मी हे पेन धरलंय तशी. पर्स उजव्या खांद्यावर. गळा प्रत्येक कपड्याला बंद, आणि समोरची एक चुणी नेहमी उजवीकडून निघून डावीकडे जाते, छातीवरून. डावी बाही उजवीपेक्षा रुंद आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, कारण त्या पोरीने उजव्या बाहीलाही खोटी चूण देऊन बरोबरी साधली आहे. फार हुशारीचं काम आहे. मी पोती म्हणाले ते त्याच दुकानात जाऊन, चारचौघांत मागे घेतलं. आणि योग असा, की ती पोरगी तिथेच अस्तर बघत उभी होती. मी तिला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "डावी बाही छान बसवलीस." तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "ताई, मला काही माहीत नाही." मी म्हटलं, शाब्बास, माहीत नसू दे. तुला चांगलं माणूस मिळालंय, नटवे. माझ्यापेक्षा गोड आहे आणि तोंड बंद ठेवते.

पण ती पोरगी लपवते. तिला तेवढंच सांगितलेलं असणार. मालिकेत चालतं ते, तिथे तुला सोफ्यावर बसून सुनेला टोमणे मारायचेत. ढगळ्याचा सिनेमा तसा नाही. तू गोष्ट वाचली आहेस, मीही त्याच्याकडून ऐकली. लाँड्री चालवणारी बाई. सुरुवातीला बोलणं नाही, गाणं नाही. गच्चीवर वारा सुटलाय आणि ती एकटी ओल्या चादरी वाळत घालते, एकामागून एक, दोन्ही हात वर करून. किती वर्षं तू माझ्या खोलीत मुकीला टेकून बसून रडगाणं गायलीस, "मला एकदा तरी असं काम मिळू दे, ज्यात मी कुणाची आई नाही, सासू नाही, नुसतं काम करणारी बाई आहे." तेव्हा ढगळ्या बाहेर बाकावर बसून ऐकत होता. त्याने ते लक्षात ठेवलं आणि लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं. आणि तू नाही म्हटलंस तर तो कुणाकडे जाणार आहे माहीत आहे? नुसत्या गालावरच्या खळीवर कामं मिळवणाऱ्या त्या खळीवालीकडे! ती चादरी वाळत घालणार! तिला स्वतःचा रुमाल पिळता येत नाही. मागे एकदा सेटवर तिने ओला टॉवेल हँगरला गुंडीने लावायला सांगितला होता.

ढगळ्या गेल्यावर आधी मी रागाने म्हटलं, जाऊ दे, मलाही नको तुझा सिनेमा. मग घरभर फिरले. आमच्या ह्यांचे सगळे शर्ट काढून पुन्हा घड्या घातल्या. आणि घड्या घालता घालता डोक्यात उजेड पडला. ते बारीक केस फॅशन नव्हती, ते वर्षभराचं आजारपण होतं. त्या पोरीला तू मापं कागदावर पाठवली असणार. तिने तुला हात लावला नसणार, तू लावू दिला नसणार. माझ्याकडे आलीस तर पहिल्या दिवशी मी डोळे मिटून हात फिरवणार. आणि मला कळणार. तू भांडली नाहीस माझ्याशी. तू घाबरलीस. माझ्या तोंडाला नाही, त्याची तुला सवय आहे. माझ्या बोटांना घाबरलीस.

तर आता ऐक, कशासाठी एवढं लांबण लावलं ते. काल मी मुकीच्या छातीचा डावीकडचा कापूस काढला. काढला आणि तो हातात घेऊन बसले. किती काढायचा ते मला ठाऊक नाही. सगळा की थोडा, काखेपाशी काय, दंड किती सुजतो, शिवण कुठे टोचते, हात कुठवर जातो आणि कुठे थांबतो. अंदाजाने मी काही करणार नाही, तुझ्या बाबतीत नाही. या पत्राबरोबर कच्च्या कापडाचा एक झगा आहे. डावी बाही नुसती कच्च्या दोऱ्याने अडकवली आहे, काखेत पतंगासारखा एक तुकडा घातलाय, म्हणजे हात वर केलास तर अख्खा झगा ओढला जाणार नाही. दार लावून घाल. आरशात बघ किंवा नको बघूस. दोन्ही हात वर कर, जिथे काचेल तिथे पेन्सिलने खूण कर आणि पाठवून दे. चादरीची दोरी किती उंच बांधायची ते मी बघते, ढगळ्याला सांगेन की तेवढ्याच उंचीवर चादर छान दिसते, आणि तो मान डोलवेल. त्या बाईचा एक हात दुसऱ्यापेक्षा कमी वर जातो, तर जातो. आयुष्यभर ओझी उचलणाऱ्या बाईचा जातोच. मी त्यात काही लपवणार नाही आणि काही दाखवणारही नाही. आणि हे सगळं वाचूनही मी नकोच असेन, तर तेही चालेल. मी बाजूला होते, मुकीला उचलून त्या पोरीच्या दारात नेऊन ठेवते आणि झगा बेतलेला कागदही तिला देते. पण ते तू मला सांगायचं, ढगळ्याने नाही, भाचीने नाही. डाव्या हाताने लिहवत नसेल तर उजव्याने लिही, माझ्यासारखं वेडंवाकडं, मला वाचता येतं. ढगळ्या शनिवारी सकाळी खळीवालीकडे जाणार आहे. मला शुक्रवारी दिवे लागायच्या आत उत्तर पाहिजे. माप पाठव नाहीतर 'नको' असं लिहून पाठव. आणि 'मावशी विश्रांती घेतेय' असं उत्तर आलं, तर मी पुन्हा वॉचमनच्या गुंड्या लावायला येईन आणि सगळ्या लावून होईपर्यंत हलणार नाही.

तुझीच, टोचल्याशिवाय न राहणारी,
टाचणी